रात्र कापू नका: एका बालवाडीतल्या सव्वा मिनिटाच्या फिल्मचं प्रकरण

आमच्या बालवाडीत दप्तराच्या खुंट्यांवर नावं नसतात, चित्रं असतात. चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव वाचता येत नाही, छत्री मात्र लांबून ओळखता येते. जूनमध्ये चित्र मिळतं आणि मग ते पोर वर्षभर त्या चित्राचंच होऊन राहतं. छत्री, मोर, किल्ली, पतंग, बैलगाडी. मुलांची खरी नावं मला इथे द्यायची नाहीतच, तेव्हा खुंटीवरचीच नावं चालवते.

गाव मिरजेच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मोठ्या गटात बावीस मुलं, वय चार ते साडेपाच. बहुतेकांच्या घरी मराठी, चार-पाच घरांत कानडी. वर्गात मी आणि मदतनीस मावशी. यंत्रसामग्री म्हणाल तर एक आठ इंची टॅबलेट, माझा मोबाइल आणि आमच्या ह्यांचा जुना फोन, ज्याच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलेला आहे. वाय-फाय नाही.

आधी जानेवारीतली फजिती

हे प्रकरण मटकीचं आहे, पण त्याची सुरुवात मटकीच्या सहा महिने आधी, स्नेहसंमेलनात झाली. वर्षभराचे तुकडे जोडून मी चार मिनिटांची फिल्म केली होती. रात्री जेवणं उरकल्यावर, आठ-दहा रात्री बसून. मागे सिनेमातलं गाणं, दोन दृश्यांच्या मध्ये फिरत येणारे तारे, कोपऱ्यात उडणारी फुलपाखरं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीच फिल्म मुलांना दाखवली. बावीसच्या बावीस मुलं एकच खेळ खेळली: मी कुठाय. स्वतःचा चेहरा आला की आरडाओरडा, गेला की शेजाऱ्याच्या मांडीवर चिमटा. आपण दिवाळीत काय केलं, पावसात काय केलं, यातलं एका पोरानेही काही ओळखलं नाही. फिल्म मी केली होती, त्यामुळे सगळं काही आठवणारी मी एकटीच होते.

त्याच आठवड्यात एक आई दारात आली. फिल्म मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली होती, कुणीतरी ती स्टेटसला लावली, आणि जिथे जायला नको तिथे तिच्या मुलीचा चेहरा पोचला. घरचं कारण होतं, ते इथे सांगण्यासारखं नाही. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मला एकदा विचारायचं होतंत." १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आलंय. पण मला त्या दिवशी कायदा आठवला नाही. प्रवेशअर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेली 'छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही' ही ओळ आठवली, आणि तिच्याखाली त्या आईने न वाचता केलेली सही.

जूनमध्ये दोन गोष्टी ठरवल्या. चेहरे टिपायचे नाहीत, फक्त हात. आणि केलेली फिल्म कुठल्याही गटावर टाकायची नाही. ज्याला पाहायची त्याने वर्गात येऊन पाहावी. शेजारच्या वर्गाच्या बाईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. त्यांचं म्हणणं, बालवाडीत हे यंत्र हवंच कशाला. "ताराबाईंनी मोबाइल आणला असता का गं बालवाडीत?" ताराबाई म्हणजे ताराबाई मोडक. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं होती. प्रश्न टोचला, आणि टोचला ते बरंच झालं. बिया तर आपल्याकडे आहेतच की, असं मला सुचलं ते त्यामुळेच.

काल, उद्या आणि परवा

मूळ अडचण वेळेची होती. या वयाची मुलं 'काल' आणि 'उद्या' सर्रास उलटे वापरतात. "उद्या आमच्याकडं मामा आलता" हे वाक्य मी दर सोमवारी ऐकते. दुरुस्त केलं की मूल "हां, काल" म्हणतं आणि पुढच्या वाक्यात परत 'उद्या'. दोष त्यांचा किती? आपण मोठी माणसंही 'परवा' हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांना लावतो आणि क्रियापदावरून निभावून नेतो. मुलांना क्रियापदाचा तो आधार अजून पुरता सापडलेला नसतो.

कॅलेंडर लावून झालं होतं. वारांची गाणी म्हणून झाली होती. पण वार गाऊन मुलाला वेळ हाताळता येत नाही. मग मनात आलं की व्हिडिओ जोडायच्या अ‍ॅपमध्ये खाली जी लांब पट्टी असते, तिच्यात वेळ आडवी पसरलेली असते. डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं. बोटाने सरकवता येणारा काल आणि आज. मटकीला मोड आणणं हे काम तीन दिवसांत संपतं, रोज काहीतरी बदललेलं दिसतं, आणि शेवटी खायला मिळतं. श्रावण तोंडावर होता. मटकी ठरली.

तीन दिवस

फोन रोज त्याच जागी, त्याच कोनात हवा. तिपाई नव्हती. स्टीलच्या डब्यात ज्वारी भरली आणि फोन तिच्यात उभा खोचला. ज्वारी फोनला गच्च धरते, कोन बदलायचा तर नुसतं हलवायचं. डब्याभोवती फरशीवर खडूने गोल काढला आणि मावशींना सांगितलं, तीन दिवस तेवढ्यापुरतं पुसू नका. मावशींनी मंगळवारी सकाळी सवयीने पुसलाच. म्हणून बुधवारचं दृश्य किंचित डावीकडे झुकलेलं आहे.

सोमवारी सकाळी सुपात मटकी निवडली, धुतली, पातेल्यात भिजवली. निवडताना खडे फार निघाले नाहीत, पण प्रत्येकाला एक तरी खडा हवा होता, त्यामुळे त्याला वेळ लागला. साडेबाराला मुलं घरी गेली. साडेचारला मटकी टम्म फुगली होती. बहुतेक मटकी ओल्या पंच्यात घट्ट बांधून ठेवली आणि मूठभर मटकी ओल्या कापसावर काचेच्या बशीत पसरली, कारण पुरचुंडीच्या आत काय चाललंय ते फोनला दिसत नाही. तडा गेलेला फोन चार्जरला लावला, वर दिवा चालू ठेवला, आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो घेणारी सोय लावून कुलूप घातलं.

संध्याकाळी साडेचार ते सकाळी साडेआठ म्हणजे सोळा तास, ९६ फोटो. सेकंदाला बारा फोटो या वेगाने चालवले की आठ सेकंदांत रात्र संपते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास भांडवलदारांना पटवण्यासाठी हेच केलं होतं: वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून वेल होताना थोडं थोडं टिपून पडद्यावर झरझर वाढताना दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. आपल्या सिनेमाचा पहिला नायक हरिश्चंद्र नव्हे, वाटाणा होता, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्यांनी फक्त भुवई उचलली.

मंगळवारी पुरचुंडी सोडली. मोडांनी पंच्याची वीण पार केली होती, शेपट्या बाहेर आल्या होत्या. मोर म्हणाली, "मटकीला शेपूट आलंय." बुधवारी उसळ.

दोरीवर आधी, पडद्यावर नंतर

मुलांना एकदम टॅबलेटसमोर बसवायचं नाही हे पक्कं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास धरली आहे, आणि कमी तितकं चांगलं असंही म्हटलं आहे. गावात तो तास घरीच कधीचा उलटून गेलेला असतो. म्हणून सहा दृश्यांचे सहा फोटो झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत काढून आणले: निवडणं, धुणं, भिजवणं, बांधणं, मोड, उसळ. वर्गात सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे दिले. पहिले तीन दिवस मुलांनी फिल्म दोरीवरच लावली. चौघाचौघांच्या गटात, भांडत.

टॅबलेट चौथ्या दिवशी आला. एका गटाला बारा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. व्हिडिओ जोडायची अ‍ॅप बरीच आहेत: इनशॉट, यूकट, व्हीएन, काइनमास्टर, आयपॅडवर असाल तर आयमूव्ही. बालवाडीच्या कामापुरती सगळी सारखीच आहेत. तुकडे लावणं, कापणं, वेग, आवाज, एवढंच लागतं. फुकटचं अ‍ॅप म्हटलं की जाहिरात येतेच. पहिल्याच दिवशी मटकीच्या मधोमध कुठल्याशा जुगाराच्या खेळाची जाहिरात पडदाभर उघडली आणि किल्लीने ती बंद करता करता दोनदा आत जाऊन पाहिलं. तेव्हापासून मुलांसमोर टॅबलेट विमान मोडवर. नेट नाही, जाहिरात नाही. हा उपाय कुणी मला आधी सांगायला हवा होता.

पट्टीला मुलांनी 'आगगाडी' नाव दिलं. मिरज जंक्शनच्या पंचक्रोशीतली पोरं, त्यांना आडवं लांब काही दिसलं की डबेच दिसतात. इंजिन डावीकडे, डबे जोडायचे. मला ते नाव इतकं बरं वाटलं की मीही तेच वापरू लागले: "हा डबा कुठल्या डब्याच्या मागं?"

बोटांची गोष्ट मात्र नोंदवून ठेवायला हवी. या अ‍ॅपमध्ये डबा सुटा करायचा तर त्यावर बोट दाबून धरावं लागतं, आणि न उचलता सरकवावं लागतं. चार वर्षांच्या बोटाला दाबून धरणं जमतं. सरकवणंही जमतं. दोन्ही एकामागोमाग, मध्ये बोट न उचलता, जमत नाही. बैलगाडीने अकरा वेळा प्रयत्न केला, मी मोजलं. बाराव्या वेळी त्याने डाव्या हाताने उजव्या हाताचं बोट वरून दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी मिळून डबा नेला. मग सगळ्या वर्गाने ती युक्ती उचलली. डब्याच्या कडा पकडून तुकडा आखूड करणं मात्र कुणालाच जमलं नाही, ती कडा त्यांच्या बोटाखाली दिसेनाशीच होते. म्हणून वाटणी झाली: कापणं ताईचं, लावणं मुलांचं. काय कापायचं ते सांगायचंही मुलांनीच.

मागे वळणारा बाण, म्हणजे केलेलं रद्द करणारं बटण, पतंगला सापडलं. कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर चूक झाली की तिच्याकडे बोलावणं जायचं. एरवी कुणी खेळायला न घेणारी मुलगी दोन दिवस वर्गाची मिस्त्री झाली होती.

उसळ आधी

माझ्या निरीक्षणाच्या वहीत एक रकाना आहे: 'घटनांचा क्रम लावतो/लावते.' पुढे हो किंवा नाही.

मोरच्या गटाने उसळीचा डबा इंजिनाला लावला. आधी खाणं, मग निवडणं, धुणं, भिजवणं. मी वहीत चौघांपुढे 'नाही' लिहिलं. मग सवयीने विचारलं, असं का?

मोर माझ्याकडे दया आल्यासारखी बघत म्हणाली, "आधी दाखवायचं. मग सांगायचं कसं केलं. मोबाइलवर बाई तसंच करती."

पाककृतीचे व्हिडिओ. आधी वाफाळती उसळ, वर कोथिंबीर, मग "चला तर बघूया साहित्य". तिच्या आजीच्या फोनवर दुपारभर तेच चालतं. मी तिला आडवं विचारलं, "पण आपण आधी काय केलं होतं?" तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, निवडली, धुतली, भिजवली, बांधली. खरा क्रम तिला पाठ होता. तिने सांगायचा क्रम वेगळा निवडला होता. घडण्याची आगगाडी एक आणि सांगण्याची दुसरी, हे त्या पोरीला कळलं होतं आणि माझ्या वहीतल्या रकान्यात बसत नव्हतं. मी 'नाही' खोडलं. 'हो' लिहिलं नाही. शेजारी लिहिलं: 'उसळ आधी, मुद्दाम.' ती ओळ पुढे पर्यवेक्षकांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली, ते वेगळं.

दुसऱ्या गटांना ते पटलं नाही. छत्री म्हणाला, असं केलं तर उसळ दोनदा खावी लागेल. शेवटी दोन फिल्म झाल्या, एक सरळ आणि एक मोरची.

उलट फिरवण्याचं बटण मी दाखवणार नव्हते. पण एकदा मोडांच्या तुकड्यावर ते चुकून दाबलं गेलं आणि शेपट्या सरसर आत जाऊन मटकी कोरडी गोल झाली. वर्ग शांत. मग किल्ली: "परत झोपली." पुढची दहा मिनिटं सगळं उलटं करून पाहिलं. पुरचुंडी सुटली, पाणी पातेल्यातून तांब्यात चढलं, आणि उसळ खाण्याचा तुकडा उलटा केल्यावर घास तोंडातून वाटीत परत आले. "उलटी! उलटी!" आपल्या भाषेने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवलेत, त्याला मी काय करणार. मावशी झाडू घेऊन धावत आल्या, खरंच कुणी ओकलं समजून.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मांडलं होतं की साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलाला एखादी क्रिया मनातल्या मनात उलट फिरवून पाहणं जड जातं. पडद्यावर उलटं दिसलं म्हणून ते मनातही जमू लागतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण नंतर मी वाटीभर मोड पुढ्यात ठेवून विचारलं की यांची परत कोरडी मटकी करता येईल का, तेव्हा मतं फुटली. नऊ जण हो, दोघं झोपलेले, बाकीचे नाही. "टॅबमध्ये येतं, वाटीत येत नाही," हे पतंगचं. तिला मागे वळणाऱ्या बाणाची सवय सगळ्यांत जास्त, आणि वाटीला तो बाण नाही हेही तिलाच आधी दिसलं.

आवाज

बोलण्याचा आवाज घ्यायला जागा नव्हती. पंखा बंद केला तरी बाजूच्या वर्गातली बाराखडी ऐकू यायची. मग टेबलाखाली गोधडी अंथरली, वरून मावशींची जुनी साडी सोडली, आणि तो झाला आमचा स्टुडिओ. एका वेळी एकच मूल आणि मी, दोघं आडवे.

किल्लीच्या घरी कानडी. जूनपासून तो वर्गात जे बोलला ते 'शू', 'पाणी' आणि 'न्हाई'. गटात तो डबे सरकवायचा, मान हलवायचा, तोंड उघडायचा नाही. "परत झोपली" हे त्याचं पहिलं वाक्य. साडीखाली मी त्याला मोडांचा तुकडा दाखवला आणि काहीच विचारलं नाही. बराच वेळ गेला. मग हळूच: "मडकी काळु." आणि थोड्या वेळाने, "बाल बंतु."

पहिलं म्हणजे मटकी. दुसरं म्हणजे शेपूट आलं. तेही त्याने मोरचंच वाक्य स्वतःच्या भाषेत आणलं होतं, म्हणजे इतके दिवस तो सगळं ऐकत होता.

बाहेर आल्यावर वर्गाला ऐकवलं तर पोरं हसली. 'मडकी' म्हणजे त्यांच्या लेखी कुंभाराची मडकी. किल्लीचा चेहरा पडायला लागला तसा माझाही. तेवढ्यात बैलगाडी ओरडला, "परत लाव!" परत लावलं. पाचव्यांदा ऐकताना अख्खा वर्ग 'बाल बंतु' म्हणत नाचत होता आणि किल्ली मधोमध. मला त्यात चांगलं वाटलं, पण पहिल्या हसण्याची जबाबदारी माझी आहे हेही नोंदवते. आधी त्याला विचारायला हवं होतं, वर्गाला ऐकवू का. जानेवारीतल्या त्या आईचंच वाक्य.

मराठीत परत म्हणवून घेऊ का, असं एकदा मनात आलं होतं. घेतलं नाही.

काळा सेकंद

रात्रीच्या आठ सेकंदांत साधारण मधोमध पडदा काळा होतो. पूर्ण एक सेकंद. फोटोंच्या वेळा पाहिल्या तर पहाटे दोनच्या आसपास सुरुवात, चारच्या आधी शेवट. बारा फोटो. वीज गेली होती. फोन स्वतःच्या बॅटरीवर टिपत राहिला, दिवा मात्र गेला.

मला तो खराब तुकडा वाटला. मुलांना म्हटलं, हा काळा भाग मी कापते. कडेला बोट ठेवलंच होतं.

छत्रीने माझा हात धरला. "ती रात्र हाय. रात्र कापू नका."

"अरे, पण काहीच दिसत नाही."

"रात्री काय दिसत नसतंय. रात्र कापली तर मोड कसं येणार?"

गटातल्या चौघांनी मान डोलावली. त्यांच्या हिशोबात मटकी रात्रीच वाढली होती, सगळे झोपलेले असताना. मटकी झोपली, लाइट घालवली, उठली तर शेपूट. काळा सेकंद हा त्यांच्या दृष्टीने फिल्ममधला सगळ्यात कामाचा डबा होता. तो काढला तर आधीचे आणि नंतरचे डबे जोडायला काही उरत नव्हतं.

आता माझी पंचाईत. हे खरं नव्हतं. ती रात्र नव्हती, महावितरण होतं. रात्र तर साडेचारनंतर दोन-तीन तासांत सुरू झालेली आणि दिवा चालू असल्यामुळे फिल्ममध्ये लख्ख दिसत होती. मोड काळ्या सेकंदाच्या आधीही वाढत होते, नंतरही. फिल्म तशीच ठेवली तर मी मुलांना चुकीचं विज्ञान जोडून देत होते. कापली तर ज्या एका जागी त्यांनी काल आणि आज यांच्या मध्ये काहीतरी असतं हे स्वतःहून ओळखलं, तीच जागा काढून टाकत होते. शिवाय काय कापायचं ते मुलांनी सांगायचं, हा नियम माझाच.

वीज गेल्याचं मी सांगून पाहिलं. छत्रीने ऐकून घेतलं. "हां, लाइट गेल्ती. रात्री." दोन्ही त्याला एकत्र चालत होतं.

काळा सेकंद ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन बशांत ओला कापूस आणि भिजवलेली मटकी ठेवली. एक बशी खिडकीत, एक कपाटात दार लावून. आता बघू, म्हटलं, रात्र नसली तर मोड येतात का.

पालक

फिल्म झाली सव्वा मिनिटाची. मोरची आवृत्ती दोन सेकंदांनी मोठी, कारण उसळ तिच्यात खरंच दोनदा आहे. साडेबाराला मुलांना न्यायला येणाऱ्यांना दाराशी बाकावर टॅबलेट ठेवून दाखवली. चेहरे नाहीत, नुसते हात. तरी प्रत्येक आईने आपल्या पोराचा हात ओळखला. नखं, कडं, काळा दोरा, कालचं खरचटलेलं. आणि गंमत अशी की मुलं या वेळी स्वतःला शोधत नव्हती, आईला ओढून सांगत होती, "थांब, आता रात्र यील."

सगळे खूश नव्हते. एका वडिलांनी विचारलं, "टिकटॉक करून घेताय व्हय पोरांकडनं?" टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली, गावात शब्द शाबूत आहे. दुसऱ्यांना फिल्म मोबाइलवर हवी होती, मी दिली नाही, त्यांनी ते मनाला लावून घेतलं. किल्लीची आई कडेवरच्या बाळाला सावरत 'बाल बंतु' ऐकून गेली, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जावेला घेऊन आली.

मोरच्या आजीला एकूण प्रकारच पसंत नव्हता. "पंचा एवढा वला कशाला? पाणी निथळाय पायजे, न्हायतर वास मारतीय मटकी. आणि पावसाळ्यात कोमट पाण्यात भिजवायची असती." पुढच्या सोमवारी त्या स्वतः आल्या, मांडी घालून बसल्या आणि पुरचुंडी बांधून दाखवली. फोन ज्वारीत उभा होताच. त्या हाताचं टिपण आमच्याकडच्या सगळ्या तुकड्यांत देखणं आहे.

काय जमलं नाही, तेही लिहिते. दृश्यांच्या मध्ये येणारे तारे मुलांनी एका फिल्ममध्ये सतरा वेळा टाकले आणि मला ते काढवले नाहीत. चार मुलांनी शेवटपर्यंत टॅबलेटला हात लावला नाही, त्यांना सुतळी आणि चिमटेच बरे वाटले. त्यांना मी ओढलं नाही. आणि 'उद्या आमच्याकडं मामा आलता' हे वाक्य पुढच्या सोमवारीही ऐकू आलं. फरक एवढाच की पतंगने त्या मुलाला सुतळीजवळ नेलं आणि विचारलं, "मामाचा डबा हिकडं का तिकडं?" त्याने डावीकडे बोट दाखवलं.

दोन बशा

सहाव्या दिवशी दोन्ही बशा शेजारी ठेवल्या. मोड दोन्हीकडे आले होते, ते तर दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं, आणि मी मनात म्हटलं होतं की चला, रात्रीचा प्रश्न मिटला. पण आता खिडकीतली रोपं बुटकी, ताठ, हिरवी होती. कपाटातली पिवळट, पांढऱ्या लांब दांड्यांची, एकमेकांवर रेललेली, उंचीला जवळजवळ दुप्पट. उजेड न मिळालेलं रोप उजेड शोधत असं लांबतच जातं.

छत्रीने दोन्ही बशांपुढे बोटं लावून उंची मोजली. "बघा. रात्रीची जास्त वाढली."

"ती आजारी हाय," मोर म्हणाली. "पिवळी पडलीय."

"आजारी असली तर उंच कशी?"

"माझी ताई आजारी हाय आणि उंच हाय."

छत्री विचारात पडला. मग त्याने कपाटातली बशी उचलून ज्वारीत उभ्या केलेल्या फोनपुढे, खडूच्या गोलापाशी नेऊन ठेवली आणि मला म्हणाला, "ह्योबी डबा जोडा. रात्रीच्या मागं."

मी विमान मोड लावला आणि टॅबलेट त्याच्या मांडीवर दिला.